फोटोचा पत्ता कोण वाचतो? रिअ‍ॅक्ट आणि व्हीटच्या ॲपमध्ये चित्रं, फॉन्ट आणि बाकीच्या फाइल्स कशा लोड कराव्यात

‘लोकलला फोटो दिसतात, सर्व्हरवर टाकलं की गायब.’ फ्रंटएंड शिकणारी मुलं सगळ्यात जास्त वेळा हाच प्रश्न घेऊन माझ्याकडे येतात. कोड उघडून बघावा तर कंपोनंटमध्ये इमेज टॅग असतो आणि त्यात साध्या अवतरणचिन्हांत ‘/एसआरसी/असेट्स/मोर.जेपीजी’ असा पत्ता. डेव्हलपमेंट चालू असताना हा पत्ता खराच असतो, कारण व्हीट या बिल्ड टूलचा डेव्ह सर्व्हर प्रोजेक्टचं सबंध फोल्डर उघडं ठेवतो. बिल्ड झाल्यावर, म्हणजे ब्राउझरला द्यायच्या अंतिम फाइल्स तयार झाल्यावर, मात्र सर्व्हरवर फक्त ‘डिस्ट’ फोल्डर जातं. त्यात एसआरसी नावाचं काही नसतं, मग मोर कुठून दिसणार?

म्हणून पत्ता लिहिण्याआधी तो कोण वाचणार आहे हे ठरवा: बिल्ड टूल की ब्राउझर. बिल्ड टूल फाइल शोधतं ते तुमच्या मशीनच्या डिस्कवर, बिल्ड चालू असताना. ब्राउझर ती सर्व्हरकडे मागतो, पुढे कधीतरी, कुणाच्या तरी फोनवरून. दोघांच्या नजरेसमोरची फोल्डरं वेगळी असतात. हे एकदा पक्कं झालं की पुढचे बरेचसे प्रश्न स्वतःच सोडवता येतात.

उदाहरण म्हणून येवल्याच्या एका पैठणी विकणाऱ्या कुटुंबाचं कॅटलॉग घेते. मी नाशिकला राहून अशाच छोट्या व्यवसायांसाठी ॲप बनवते, आणि या एका कामात जवळजवळ सगळे प्रकार येतात: लोगो आणि आयकॉन, साड्यांचे शेकडो फोटो, मराठी मजकुराचा फॉन्ट, किमती आणि नावं असलेली जेसन फाइल. पडद्यावरचा भाग रिअ‍ॅक्टमध्ये, बिल्डला व्हीट, फाइल्स पुरवायला एनजिनएक्स हा सर्व्हर. फाइल्सची आणि ॲट्रिब्यूटची नावं इथे आपण बोलताना जशी घेतो तशी लिहिली आहेत. एडिटरमध्ये ती रोमन लिपीत टाइप करायची.

बिल्ड टूलला वाचायला द्यायचं असेल तर इंपोर्ट करा

लोगो, बटणांवरचे आयकॉन, ‘फोटो उपलब्ध नाही’चं चित्र, पहिल्या पानावरचा मोठा बॅनर या गोष्टी डिझाइनचा भाग आहेत. कोड बदलतो तेव्हाच त्या बदलतात. त्या ‘एसआरसी/असेट्स’मध्ये ठेवा आणि कंपोनंटच्या वर जशी दुसरी फाइल इंपोर्ट करता तशीच चित्राची फाइल इंपोर्ट करा. हाती येते ती एक स्ट्रिंग: त्या चित्राचा अंतिम पत्ता. ती इमेज टॅगला महिरपी कंसात द्या, अवतरणचिन्हांत नाही.

बिल्डच्या वेळी व्हीट त्या फाइलच्या मजकुरावरून एक हॅश, म्हणजे छोटा सांकेतिक ठसा, काढतं आणि तो नावात घालतं, म्हणजे ‘लोगो.एसव्हीजी’चं ‘लोगो-’ आणि पुढे काही अक्षरं असं होतं. चित्र बदललं की हॅश बदलतो, नाव बदलतं. पुढे कॅशच्या वेळी याचा मोठा उपयोग आहे. ४ केबीपेक्षा लहान फाइल असेल तर व्हीट वेगळी फाइल न ठेवता चित्र डेटा यूआरएल म्हणून (अक्षरांत लिहिलेलं सबंध चित्र) थेट कोडमध्येच घालतं. बिल्डनंतर ‘असेट्स’मध्ये एखादा छोटा आयकॉन सापडला नाही तर घाबरू नका, तो जावास्क्रिप्टमध्ये बसलेला असतो.

इंपोर्टचा मला सगळ्यात आवडणारा गुण दुसराच आहे. फाइल जागेवर नसेल तर बिल्डच थांबतं. चूक ग्राहकाच्या फोनवर दिसण्याऐवजी तुमच्या टर्मिनलवर दिसते. साध्या स्ट्रिंगच्या पत्त्याला ही राखण नाही.

व्ह्यू या दुसऱ्या फ्रेमवर्कमधून रिअ‍ॅक्टकडे आलेल्यांचा इथे हमखास गोंधळ होतो. व्ह्यूच्या टेम्प्लेटमध्ये इमेज टॅगला लिहिलेला साधा रिलेटिव्ह पत्ता कंपायलर स्वतःच इंपोर्टमध्ये बदलतो. रिअ‍ॅक्टच्या जेएसएक्समध्ये, म्हणजे कंपोनंटमधल्या एचटीएमएलसारख्या मांडणीत, असं काही होत नाही. तिथे स्ट्रिंग म्हणजे स्ट्रिंग, जशी लिहाल तशी ब्राउझरपर्यंत जाते. सीएसएसमधला ‘यूआरएल’ मात्र दोन्हीकडे बिल्ड टूल वाचतं, आणि तो त्या सीएसएस फाइलच्या जागेपासून मोजतं. त्यामुळे एकच ‘../असेट्स/वेल.पीएनजी’ सीएसएसमध्ये चालतो आणि जेएसएक्समध्ये चालत नाही. दोन्ही ओळी दिसायला सारख्या, वाचणारे वेगळे.

पब्लिक फोल्डर: जिथे नाव ठरलेलंच हवं

‘पब्लिक’मधल्या फाइल्सना व्हीट हात लावत नाही. त्या जशाच्या तशा डिस्टच्या मुळाशी कॉपी होतात. ना हॅश, ना तपासणी. ‘पब्लिक/फेविकॉन.आयको’चा पत्ता ‘/फेविकॉन.आयको’ होतो, पत्त्यात ‘पब्लिक’ हा शब्द कधीच येत नाही.

इथे काय ठेवावं? ज्या फाइलचं नाव बाहेरच्या कुणाला तरी आधीच माहीत असतं ती. फेविकॉन, रोबॉट्सची टेक्स्ट फाइल, ॲपचा मॅनिफेस्ट. आणि व्हॉट्सॲपवर लिंक पाठवल्यावर दिसणारं चित्र. या चित्रासाठी ‘ओजी इमेज’च्या मेटा टॅगमध्ये डोमेनसकट पूर्ण पत्ता लिहा, आणि तो टॅग इंडेक्स एचटीएमएलमध्येच असू द्या. लिंकचं प्रिव्ह्यू बनवणारा बॉट तुमचं जावास्क्रिप्ट चालवेल या भरवशावर राहू नका. निव्वळ क्लायंटसाइड, म्हणजे पानं ब्राउझरमध्येच बनवणाऱ्या, ॲपमध्ये प्रत्येक साडीच्या लिंकला तोच एक एचटीएमएल मिळतो, म्हणून प्रिव्ह्यूही सगळीकडे तेच दिसतं. धंदा व्हॉट्सॲपवर चालत असेल तर ही मर्यादा दुकानदाराला सुरुवातीलाच सांगावी. प्रत्येक साडीचं वेगळं प्रिव्ह्यू हवं असेल तर सर्व्हरवर किंवा बिल्डच्या वेळी प्रत्येक पानाचा एचटीएमएल वेगळा तयार करावा लागतो.

सगळंच पब्लिकमध्ये टाकण्याचा मोह होतो, कारण तिथे ‘चालतं’. पण मग चुकीचं नाव कुणी पकडत नाही, आणि फाइल बदलली तरी नाव तेच राहिल्याने जुनं चित्र फोनच्या कॅशमध्ये (ब्राउझरने साठवून ठेवलेल्या प्रतींत) चिकटून बसतं. ठरलेलं नाव लागत नसेल तर इंपोर्टच करा.

नाव डेटामधून येतं तेव्हा

जेसनमध्ये प्रत्येक साडीसमोर फोटोचं नाव आहे: ‘नारळी-काठ-०७’, ‘असावली-१२’. आता कंपोनंटमध्ये नाव जोडून पत्ता कसा बनवायचा? इंपोर्टच्या ओळीत व्हेरिएबल घालता येत नाही, कारण बिल्डच्या वेळी त्या व्हेरिएबलमध्ये काय असेल हे बिल्ड टूलला माहीत नसतं.

फोटो मोजके असतील, समजा पैठणीच्या नक्ष्यांची दहा-वीस चित्रं, तर ‘इंपोर्ट मेटा ग्लॉब’ वापरा. फोल्डरचा नमुना द्यायचा, ‘ईगर’ खरं करायचं, ‘इंपोर्ट’ला ‘डिफॉल्ट’ द्यायचं, आणि हातात एक ऑब्जेक्ट येतो: डावीकडे फाइलचा पत्ता, उजवीकडे बिल्डनंतरचा पत्ता. नावावरून शोधायचं, सापडलं नाही तर पर्यायी चित्र. दुसरा मार्ग ‘न्यू यूआरएल’ला रिलेटिव्ह पत्ता आणि ‘इंपोर्ट मेटा यूआरएल’ देण्याचा. त्यात टेम्प्लेट स्ट्रिंग चालते, पण फोल्डरचा भाग अक्षरशः लिहिलेला असावा लागतो. सबंध पत्ताच व्हेरिएबलमधून आला तर व्हीट त्याला हात लावत नाही, तो तसाच ब्राउझरकडे जातो, आणि बिल्डनंतर तिथे फाइल नसते.

शेकडो साड्यांसाठी यातलं काहीच करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. दुकानात नवीन साडी आली म्हणून ॲपचं बिल्ड पुन्हा का करायचं? ते फोटो कोडच्या रिपॉझिटरीत मुळात असूच नयेत. ते सर्व्हरच्या वेगळ्या फोल्डरमध्ये किंवा ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये ठेवा आणि जेसनमध्ये त्यांचे पत्ते द्या. हे पत्ते ब्राउझर वाचणार, बिल्ड टूलचा त्यांच्याशी संबंध नाही. तीच गोष्ट जेसनची: किमती रोज बदलत असतील तर ती इंपोर्ट करून कोडमध्ये गोठवू नका, ॲप चालू असताना फेचने मागवा.

एक स्लॅश सुटला तर

ब्राउझरने वाचायच्या पत्त्यात सुरुवातीचा स्लॅश फार महत्त्वाचा. ‘फोटो/मोर.जेपीजी’ असा स्लॅशशिवाय पत्ता ब्राउझर चालू पानाच्या पत्त्यापासून मोजतो. मुख्य पानावर सगळं ठीक दिसतं. ॲपमधल्या राउटरने ग्राहकाला ‘/साडी/४२’वर नेलं की तोच पत्ता ‘/साडी/फोटो/मोर.जेपीजी’ होतो आणि फोटो तुटतो. ‘घरी दिसतो, आतल्या पानावर नाही’ असं कुणी सांगितलं की आधी स्लॅश बघा.

स्लॅश आहे तरी अडचण येऊ शकते, ॲप डोमेनच्या मुळाशी नसेल तर. गिटहब पेजेसवर प्रोजेक्टची साइट रिपॉझिटरीच्या नावाच्या उपफोल्डरमध्ये बसते, म्हणजे ‘/पैठणी/’खाली. तिथे ‘/फोटो/मोर.जेपीजी’ डोमेनच्या मुळाशी शोधला जातो. व्हीटच्या कॉन्फिगमध्ये ‘बेस’ला ‘/पैठणी/’ द्या, शेवटचा स्लॅश ठेवा. इंपोर्ट केलेल्या, सीएसएसमधल्या आणि इंडेक्स एचटीएमएलमधल्या पत्त्यांना व्हीट तो आपोआप जोडतं. तुम्ही जावास्क्रिप्टमध्ये स्वतः जुळवलेल्या स्ट्रिंगला जोडत नाही. तिथे ‘इंपोर्ट मेटा एन्व्ह’मधला ‘बेस यूआरएल’ आधी लावायचा.

फाइलचं नाव कसं द्यावं

दुकानातून फोटो येतात ते फोनने दिलेल्या नावांनी किंवा ‘बांगडी मोर नवीन फायनल.जेपीजी’ अशा नावांनी. विंडोज आणि मॅकवर साधारणपणे फाइलच्या नावात मोठं-लहान रोमन अक्षर एकच मानलं जातं. लिनक्सवर ती दोन वेगळी नावं. तुमच्या लॅपटॉपवर मोठ्या अक्षरांतलं ‘जेपीजी’ एक्स्टेन्शन चालून जातं आणि सर्व्हरवर ४०४, म्हणजे ‘फाइल सापडली नाही’, येतो. शिवाय गिटमध्ये नुसतं अक्षर लहान केलं तर मॅकवर आणि विंडोजवर गिटला तो बदल दिसत नाही. नाव बदलायचं ते ‘गिट एमव्ही’ने.

आता देवनागरी नावं. मला ती मनापासून आवडतात आणि ब्राउझरला चालतातही. पण पत्त्यात जाताना प्रत्येक देवनागरी चिन्हाचे यूटीएफ-८मध्ये तीन बाइट होतात आणि प्रत्येक बाइटची टक्क्याच्या चिन्हासकट तीन अक्षरं. ‘मोर’मध्ये म, ओकाराची मात्रा आणि र अशी तीन चिन्हं, पत्त्यात त्यांची २७ अक्षरं होतात. ‘बांगडी मोर’ची ८४. हे एकवेळ चालेल. खरा घात ‘ऱ’ करतो. ‘निऱ्या’ हा शब्द दोन प्रकारे साठवता येतो: ‘ऱ’चा एकच संकेतांक, किंवा ‘र’ अधिक नुक्ता. डोळ्यांना फरक दिसत नाही. मॅकची जुनी फाइलसिस्टिम नाव फोडून दुसऱ्या प्रकारे ठेवायची. जेसनमध्ये एक रूप आणि लिनक्सच्या डिस्कवर दुसरं असलं की फाइल समोर असून ४०४ येतो, आणि कितीही वेळा नाव वाचलं तरी कारण सापडत नाही. म्हणून फाइलचं नाव रोमन लहान अक्षरं, आकडे आणि मधे आडवी रेघ एवढ्यातच ठेवा. मराठी नाव जेसनमध्ये आणि ‘आल्ट’मध्ये लिहा. ते लोकांनी वाचायचं असतं, आणि ज्याला दिसत नाही त्याचा स्क्रीनरीडरही तेच वाचतो. ‘आल्ट’मध्ये नुसतं ‘साडी’ लिहू नका. ‘जांभळी पैठणी, पदरावर बांगडी मोर, नारळी काठ’ असं लिहा. विणणाऱ्याने महिनोन् महिने घातलेत, आपण एक पूर्ण ओळ घालावी.

२०० आलं, तरी फोटो नाही

क्लायंटसाइड राउटिंगसाठी, म्हणजे कोणतं पान दाखवायचं हे ब्राउझरमध्येच ठरवण्यासाठी, सर्व्हरला आपण सांगतो की जे सापडणार नाही त्याला इंडेक्स एचटीएमएल पाठव. त्यामुळे ‘/साडी/४२’ रिफ्रेश केलं तरी ॲप उघडतं. पण सर्व्हर ते चित्रांनाही लावतो. हरवलेल्या फोटोच्या जागी तो एचटीएमएल पाठवतो, वर स्टेटस २०० (‘सगळं ठीक’) देतो. ब्राउझर एचटीएमएल चित्र म्हणून उघडायला जातो आणि तुटलेला आयकॉन दाखवतो. लाल ओळ कुठेच नाही.

डेव्हटूल्सचा नेटवर्क टॅब उघडा, त्या ओळीवर क्लिक करा, ‘कंटेंट टाइप’ बघा. इमेजऐवजी टेक्स्ट एचटीएमएल दिसलं तर पत्ता चुकला आहे, बाकी काही नाही. हरवलेल्या जावास्क्रिप्ट फाइलच्या बाबतीत कन्सोलमध्ये येणारी ‘अनपेक्षित टोकन’ची तक्रारही बहुधा हीच. उपाय सर्व्हरवर करायचा: एनजिनएक्समध्ये ‘/असेट्स/’ आणि ‘/फोटो/’साठी वेगळा लोकेशन ब्लॉक लिहा आणि ‘ट्राय फाइल्स’च्या शेवटी इंडेक्सऐवजी ४०४ द्या. हरवलेली फाइल हरवलेलीच दिसली पाहिजे.

डबल क्लिक करून डिस्टमधला एचटीएमएल थेट उघडून बघणाऱ्यांसाठी: ‘फाइल’ प्रोटोकॉलवर ब्राउझर मॉड्यूल स्क्रिप्ट अडवतो. पांढरं पान दिसणारच. ‘व्हीट प्रिव्ह्यू’ चालवा.

पत्ता बरोबर आला, आता वजन

फोनचा साधा फोटो ४००० बाय ३००० पिक्सेलचा. जेपीजी म्हणून तो काही एमबीचा दिसतो, पण पडद्यावर काढण्यासाठी ब्राउझर तो उलगडतो तेव्हा प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट लागतात: ४ कोटी ८० लाख बाइट, म्हणजे सुमारे ४८ एमबी मेमरी एका फोटोला. कार्डवर तो अंगठ्याएवढा दिसतो तरीही. दोन-तीन जीबी रॅमच्या फोनवर अशी वीस कार्डं म्हणजे ब्राउझर मान टाकणार.

म्हणून प्रत्येक फोटोच्या ३२०, ६४० आणि १२८० पिक्सेल रुंदीच्या प्रती बनवा, झूमसाठी २००० ची एक. इमेज टॅगच्या ‘सोर्ससेट’मध्ये तिन्ही पत्ते त्यांच्या रुंदीसकट लिहा आणि ‘सायझेस’मध्ये कार्ड किती जागा घेतं ते सांगा: छोट्या पडद्यावर निम्मी रुंदी, नाहीतर ३०० पिक्सेल. ‘सायझेस’ लिहायचं टाळू नका. ते नसेल तर चित्र सबंध पडद्याच्या रुंदीचं आहे असं ब्राउझर धरतो. ३६० रुंदीच्या, तिप्पट घनतेच्या फोनवर अर्ध्या रुंदीच्या कार्डाला ५४० पिक्सेल पुरतात, म्हणजे ६४० ची प्रत. ‘सायझेस’ विसरलं की १०८० लागतात असं वाटून तो १२८० ची प्रत आणतो, पिक्सेल चौपट.

फॉरमॅटसाठी ‘पिक्चर’ टॅगमध्ये आधी एव्हीआयएफ, मग वेबपी, शेवटी जेपीजी. ब्राउझर वरून खाली बघत जमेल ते पहिलं घेतो. वेबपी सफारीत २०२० मध्ये आलं, एव्हीआयएफ २०२२ मध्ये, त्यामुळे आज जेपीजीची प्रत फार जुन्या फोनांसाठी. पण क्वालिटीचा आकडा दुसऱ्याच्या लेखातून उचलू नका. जरीचे बारीक धागे आणि रेशमाचा पोत एव्हीआयएफच्या कमी क्वालिटीत आधी पुसला जातो. चेहऱ्यांच्या फोटोला चालणारा आकडा पैठणीला चालत नाही. काठाचा एक भाग शंभर टक्के झूमवर मूळ फोटोशेजारी ठेवा आणि डोळ्यांनी ठरवा.

साडीच्या दुकानाला वजनापेक्षाही रंग महत्त्वाचा, आणि इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवते. आयफोन ७ पासूनचे फोन फोटो ‘डिस्प्ले पी३’ या रुंद रंगपटात काढतात आणि तसं सांगणारी प्रोफाइल फाइलमध्ये ठेवतात. आकार कमी करणाऱ्या एखाद्या टूलने रंग न बदलता नुसती प्रोफाइल काढून टाकली तर ब्राउझर तेच आकडे एसआरजीबी या वेबवरच्या नेहमीच्या रंगपटातले समजून वाचतो, आणि राणी रंग फिकट पडतो. ग्राहक फोटो बघून साडी मागवतो; आलेली साडी वेगळी वाटली की परत पाठवतो. दोष विणणाऱ्याचा नसतो. प्रती बनवताना आधी एसआरजीबीत रूपांतर करा, मगच प्रोफाइल काढा. नोडमध्ये मी ‘शार्प’ ही लायब्ररी वापरते, ते सांगितल्याशिवायच हे रूपांतर करतं. मात्र ते बाकीची माहितीही काढून टाकतं, त्यात फोटो उभा की आडवा ही नोंदही जाते. त्यामुळे आकार बदलण्याआधी ‘रोटेट’ काही न देता बोलवा, नाहीतर उभे फोटो आडवे होतात. याच झटक्यात फोटोतलं जीपीएसचं ठिकाणही जातं, ते उत्तमच. घरात माग असलेल्या विणकराच्या घराचा पत्ता फोटोबरोबर जगभर जायचं कारण नाही.

कधी आणायचं

पहिल्या पडद्याखालच्या फोटोंना ‘लोडिंग’ लेझी द्या. हे ब्राउझरच करतात: क्रोम २०१९ पासून, फायरफॉक्स २०२०, सफारी २०२२. यासाठी वेगळी लायब्ररी आता नको. पण पहिल्याच पडद्यावरच्या मोठ्या चित्राला लेझी कधीही देऊ नका, त्याला उलट ‘फेच प्रायॉरिटी’ हाय द्या. क्लायंटसाइड ॲपमध्ये हे चित्र तसंही उशिरा सापडतं: एचटीएमएल येतं, जावास्क्रिप्ट उतरतं, चालतं, कंपोनंट बनतो, तेव्हा कुठे ब्राउझरला कळतं की असं एक चित्र हवंय. बॅनर ठरलेलाच असेल तर इंडेक्स एचटीएमएलमध्ये त्याची ‘प्रीलोड’ लिंक द्या.

प्रत्येक इमेज टॅगला ‘विड्थ’ आणि ‘हाइट’ लिहा, पिक्सेलमध्ये, आणि सीएसएसमध्ये रुंदी शंभर टक्के, उंची ऑटो. ब्राउझर त्या दोन आकड्यांवरून प्रमाण काढून जागा आधीच राखतो. नाहीतर फोटो आला की खालचं सगळं सरकतं आणि ‘चौकशी करा’वर टेकणारं बोट भलतीकडेच पडतं. फोटो डेटामधून येत असतील तर रुंदी-उंचीही जेसनमध्येच ठेवा. प्रती बनवणारी स्क्रिप्ट ते आकडे लिहून देऊ शकते.

फोटो आलाच नाही तर ‘ऑन एरर’मध्ये पर्यायी चित्र लावा. ते इंपोर्ट केलेलं आणि ४ केबीच्या आतलं असू द्या, म्हणजे ते कोडमध्येच असेल आणि नेटवर्कवर अवलंबून राहणार नाही. पर्यायी चित्रही तुटलं तर ‘ऑन एरर’ पुन्हा पुन्हा फिरत राहतं, म्हणून एकदा बदलल्याची खूण स्टेटमध्ये ठेवा. झूमच्या खिडकीत मोठा फोटो दाखवण्याआधी इमेज ऑब्जेक्टवर ‘डीकोड’ बोलवा आणि प्रॉमिस पूर्ण झाल्यावरच छोट्याच्या जागी मोठा ठेवा. मधला पांढरा झटका जातो.

दुकानदाराने निवडलेला फोटो अपलोडआधी दाखवायचा असेल तर ‘क्रिएट ऑब्जेक्ट यूआरएल’ने पत्ता मिळतो. कंपोनंट जाताना ‘रिव्होक’ करा, नाहीतर टॅब बंद होईपर्यंत ती फाइल मेमरीत अडकते. फोटोवर कॅनव्हासने दुकानाचं नाव छापायचं असेल आणि फोटो दुसऱ्या डोमेनवर असेल, तर पत्ता देण्याच्या आधी ‘क्रॉस ओरिजिन’ला ‘अनॉनिमस’ द्या आणि स्टोरेजच्या सर्व्हरवर सीओआरएसची, म्हणजे दुसऱ्या डोमेनला फाइल वाचू देण्याची, परवानगी लावा. चित्र कॅनव्हासवर परवानगीशिवायही काढता येतं, पण ते परत बाहेर काढू देत नाही.

देवनागरी फॉन्ट

आपल्या फॉन्टमध्ये जोडाक्षरांमुळे आकृत्या खूप, म्हणून फाइल रोमनपेक्षा जड. ‘मुक्ता’ या फॉन्टचे जाडीनुसार सात प्रकार आहेत, साधा आणि ठळक एवढे दोनच घ्या, डब्ल्यूओएफएफ २ या वेबसाठीच्या फॉरमॅटमध्ये. देवनागरी आणि रोमन वेगळ्या फाइल्समध्ये ठेवून ‘युनिकोड रेंज’ लावली तर ब्राउझर लागेल तीच आणतो. देवनागरीची रेंज ०९०० ते ०९७एफ, पण तिथे थांबू नका: जोडाक्षर जोडणारी-तोडणारी अदृश्य चिन्हं २००सी आणि २००डी वर आहेत, आणि रुपयाचं चिन्ह २०बी९ वर. किमतीच्या पानावर ₹ तेवढं वेगळ्या फॉन्टमध्ये दिसत असेल तर कारण हे. स्वतः फॉन्ट कापत असाल तर जोडाक्षरांचे नियम शाबूत राहिलेत ना हे ‘ज्ञानेश्वर’, ‘निऱ्या’, ‘स्त्री’ असे शब्द लिहून तपासा.

फॉन्टच्या ‘प्रीलोड’ लिंकला ‘क्रॉस ओरिजिन’ ॲट्रिब्यूट लागतंच, फॉन्ट आपल्याच डोमेनवर असला तरी. ते राहिलं की तोच फॉन्ट दोनदा उतरतो. ‘फॉन्ट डिस्प्ले’ला ‘स्वॅप’ द्या, म्हणजे मजकूर थांबून राहत नाही.

कॅश, आणि नवीन बिल्ड चढवताना

हॅश असलेल्या ‘/असेट्स/’ फोल्डरला ‘कॅश कंट्रोल’ मॅक्स एज ३१५३६०००, म्हणजे एक वर्ष, आणि ‘इम्युटेबल’. नाव तेच तर मजकूर तोच, त्यामुळे पुन्हा विचारायची गरजच नाही. इंडेक्स एचटीएमएलला ‘नो कॅश’, म्हणजे ब्राउझर दरवेळी सर्व्हरला विचारून घेईल. ही फाइल कॅशमध्ये अडकली तर नवीन बिल्ड कुणालाच दिसत नाही. पब्लिकमधल्या फाइल्सना एखादा तास. साड्यांच्या फोटोंना वर्ष द्या, पण मग फोटो बदलताना नावही बदला: ‘असावली-१२’ऐवजी ‘असावली-१२-ब’. नाव तेच ठेवून आतला फोटो बदलू नका.

नवीन बिल्ड चढवताना जुनं ‘असेट्स’ फोल्डर लगेच पुसू नका. कुणीतरी सकाळी कॅटलॉग उघडून टॅब तसाच ठेवलेला असतो. दुपारी त्याने नवीन पान उघडलं की जुना कोड जुन्या हॅशची फाइल मागतो, आणि ती पुसलेली असेल तर पान मोडतं. काही दिवसांच्या जुन्या फाइल्स राहू द्या, आणि ‘व्हीट प्रीलोड एरर’ या इव्हेंटवर पान एकदा रिलोड करा. ग्राहकाच्या फॉर्ममध्ये अर्धवट भरलेलं काही असेल तर रिलोडआधी ते लोकल स्टोरेजमध्ये ठेवायचं.